इरावतीबाईंनी बर्लिनहून काय आणलं?

गेल्या काही महिन्यांत एकच फॉरवर्ड मला चार जणांनी पाठवलाय. दोन कॉलेजातले, एक नात्यातली भाची, आणि एक तर नवापूरला आमच्या गल्लीच्या टोकाला किराणा दुकान आहे त्यांचा मुलगा. मजकूर साधारण असा: इरावती कर्वे नावाची पुण्याची तरुणी शंभर वर्षांपूर्वी बर्लिनला शिकायला गेली. तिथल्या नाझी प्रोफेसरानं तिला सांगितलं की कवट्या मोज आणि गोरे लोक श्रेष्ठ आहेत हे सिद्ध कर. तिनं कवट्या मोजल्या आणि तोंडावर सांगितलं, सिद्ध होत नाही. शेवटी तिरंग्याचं चित्र.

माझ्या पीएचडीचा विषय आदिवासी भागातल्या आरोग्य-तपासण्या हा आहे. म्हणजे कोण कुणाचं काय मोजतं, ते मोजमाप पुढे कुठे जातं, आणि ज्याचं मोजलं त्याला त्यातून काय कळतं. त्यामुळे ‘तुझ्या कामाचं आहे’ म्हणून लोक पाठवतात. कामाचं आहेच. पण ही गोष्ट ज्या रीतीनं सांगितली जाते तिच्याशी माझं भांडण आहे, आणि ते आज तुमच्यासमोर मांडते. भांडण इरावतीबाईंशी कमी, सांगणाऱ्यांशी जास्त. थोडं त्यांच्याशीही आहे, ते पुढे येईल.

आधी गोष्टीतलं खरं काय ते बघू. इरावतीबाईंचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरून नाव ठेवलं. पुण्यात फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान, मग मुंबईला गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. नवरा दिनकर कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोनंही जावं असं त्यांना वाटत होतं. सासऱ्यांना मात्र हे पसंत नव्हतं, आणि सासरे म्हणजे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे! स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घातलेला माणूस सुनेच्या परदेशी शिक्षणाला नको म्हणतो. फॉरवर्डवाल्यांनी हे कसं सोडलं कोण जाणे. पैसे उसने दिले डॉ. जीवराज मेहतांनी, जे पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

बर्लिनला त्या पोचल्या त्या कैसर विल्हेल्म संस्थेत. पूर्ण नाव लांबलचक: मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांची संस्था. १९२७ साली दालेम भागात सुरू झाली, संचालक ऑयगेन फिशर. हेच त्यांचे मार्गदर्शक. जेमतेम दोन वर्षांचा मुक्काम, आणि १९३० साली डॉक्टरेट. प्रबंधाचं नाव मराठीत करायचं तर ‘मानवी कवटीची सामान्य असममिती’. असममिती म्हणजे डावी बाजू उजवीसारखी नसणं. फिशरचं गृहीतक असं होतं की गोऱ्या युरोपीय माणसाचा मेंदू उजवीकडे पुढच्या भागात मोठा असतो, त्याला जागा द्यायला कवटी एका बाजूला जास्त फुगते, आणि हीच त्याच्या जास्त तर्कबुद्धीची खूण. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असममिती सापडली, पण वंशाशी तिचा काही संबंध सापडला नाही. तसं त्यांनी लिहून दिलं.

इथपर्यंत गोष्ट खरी, आणि धाडसाची. मार्गदर्शकाच्या लाडक्या गृहीतकाविरुद्ध निष्कर्ष लिहिणं म्हणजे काय हे पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा. आम्ही तर मार्गदर्शकाच्या आवडीच्या फाँटविरुद्धही जात नाही.

आता भांडण. पहिली गोष्ट, ‘नाझी प्रोफेसर’. १९३० साली नाझी सत्तेवर नव्हते, ते आले १९३३ला. फिशर पक्षाचा सभासद झाला तो १९४० साली. तुम्ही म्हणाल, हा तारखांचा कीस कशाला, माणूस तर तोच ना? तोच. पण तारीख बदलली की गुन्ह्याची जागा बदलते. ‘नाझी’ म्हटलं की आपल्याला वाटतं, ती वेडी माणसं होती, हरली, संपलं. प्रत्यक्षात इरावतीबाई गेल्या तेव्हा फिशरचं शास्त्र हे जगभर मान्य असलेलं, प्रतिष्ठित शास्त्र होतं. त्याची कीर्ती उभी राहिली होती ती १९०८ साली नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, जर्मन वसाहतीत केलेल्या कामावर. तिथे रेहोबोथ गावातल्या मिश्र संततीच्या कुटुंबांची त्यानं मोजमापं घेतली आणि १९१३ साली पुस्तक काढलं. त्याच्या आधीच्या चार वर्षांत, १९०४ ते १९०८, त्याच प्रदेशात जर्मन सैन्यानं हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली होती, आणि त्यांच्या कवट्या अभ्यासासाठी बर्लिनला आल्या होत्या. त्यांपैकी वीस कवट्या नामिबियाला परत मिळायला २०११ साल उजाडलं. म्हणजे इरावतीबाई ज्या शास्त्राच्या दारात गेल्या ते नाझींच्या आधीच वसाहतीत तयार झालेलं होतं. ‘नाझींना नाही म्हणाली’ असं सांगितलं की ही सगळी मधली पानं गळतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती संशोधनाच्या पद्धतीची आहे. ‘संबंध सापडला नाही’ या निष्कर्षाचा अर्थ काय होतो?

आपल्या तालुक्यातलं उदाहरण घेते. समजा विसरवाडीची एक गोणी तूर आणि खांडबाऱ्याची एक गोणी तूर आणली. कुणीतरी म्हणतं, विसरवाडीची तूर जातीनंच सरस, कारण तिचा दाणा एका बाजूला जास्त फुगीर असतो. तुम्ही दोन्ही गोण्यांतले दाणे मोजता. निघतं काय, तर प्रत्येक गोणीत सगळ्या तऱ्हेचे दाणे आहेत, काही फुगीर, काही सरळ, आणि गोणी बदलल्यानं त्यात फरक पडत नाही. म्हणजे फुगीरपणा ही विसरवाडीची खूण नव्हे. हे तुम्ही सिद्ध केलंत. पण तूर गावागावाप्रमाणे वेगळ्या ‘जातीची’ असते का, हा प्रश्न तसाच राहिला. उद्या दुसरा कुणी येईल आणि म्हणेल, बाजूचं सोडा, लांबी मोजू. परवा तिसरा म्हणेल, रंग.

इरावतीबाईंच्या प्रबंधानं एक खूण बाद केली. वंश ही कल्पना बाद केली नाही, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. शीर्षकातला ‘सामान्य’ हा शब्द मला फार आवडतो. कवटी वाकडी असणं हेच सर्वसाधारण आहे, सगळ्यांचंच. या एका विशेषणात मार्गदर्शकाला दिलेलं उत्तर आहे. पण फिशरची संस्था त्यानं तसूभर हलली नाही. तीन वर्षांनी फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १९४२ला त्याच्या जागी आलेल्या फेरशुअरच्या काळात ऑशविट्झच्या छावणीतून मेंगेले या संस्थेकडे नमुने पाठवत होता. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधानं हे थांबायला हवं होतं अशी अपेक्षा कुणीच करणार नाही. फॉरवर्ड मात्र ‘सिद्धांत उलथवला’ असं म्हणतो, म्हणून हे लिहावं लागतं.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. परदेशात थोडा काळ शिकून आलेला विद्यार्थी परतताना काय आणतो? पदवी आणतो, थोडी भाषा आणतो, थंडीचे कपडे आणतो जे नवापूरला जन्मात वापरता येत नाहीत. पण मुख्य म्हणजे तो हत्यारं आणतो: मोजायची साधनं, आणि कुठले प्रश्न विचारण्यासारखे आहेत याची सवय. इरावतीबाईंनी निष्कर्ष नाकारला. हत्यार मात्र सोबत आणलं.

हत्यार म्हणजे मानवमिती. दोन वाकड्या पायांचं, मोठ्या कंपाससारखं कॅलिपर असतं, त्यानं डोक्याची लांबी आणि रुंदी घ्यायची. रुंदीला लांबीनं भागून शंभरनं गुणलं की शीर्षनिर्देशांक. लांबी १८० मिलिमीटर, रुंदी १४४, तर निर्देशांक ८०. नाकाचाही असाच निर्देशांक काढतात. रिस्ली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९०१च्या जनगणनेच्या वेळी याच नाकाच्या आकड्यांवरून सांगितलं होतं की हिंदुस्थानात नाक जितकं रुंद तितकी जात खालची.

इरावतीबाई डेक्कन कॉलेजात १९३९ साली रुजू झाल्या आणि पुढची तीस वर्षं त्यांनी महाराष्ट्रभर आणि बाहेरही अशी मोजमापं घेतली. १९४८ साली मराठ्यांच्या मोजमापांवर त्यांचं पुस्तक आलं. १९६८ साली, म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षं आधी, कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची, म्हणजे ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची, जैविक तुलना छापली. बर्लिनचा मुक्काम दोन वर्षांचा, त्याची सावली चाळीस वर्षांची.

इथे त्यांना न्याय द्यायला हवा, कारण काम सरळ नाही. रिस्लीसारखी उतरंड त्यांना लावायची नव्हती. त्यांचा प्रश्न होता, जाती आल्या कुठून? घुर्ये म्हणत, मोठा गट फुटून पोटजाती झाल्या. इरावतीबाई म्हणाल्या, उलट आहे. ‘कुंभार’ म्हणून जे एका नावाखाली दिसतात ते मुळात वेगवेगळे गट आहेत, शेजारी येऊन बसले आणि एका धंद्याच्या नावानं ओळखले गेले. त्यासाठी त्यांनी मोजमापं वापरली, रक्तगट वापरले. महाराष्ट्रातले ब्राह्मणसुद्धा एकसंध नाहीत, असं स्वतः चित्पावन असलेल्या बाईंनी आकड्यांनिशी म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. गुरूच्या विरोधात त्या दोनदा गेल्या, एकदा जर्मन आणि एकदा मराठी. दुसऱ्या वेळची गोष्ट फॉरवर्ड होत नाही.

मग तक्रार काय? तक्रार अशी की कॅलिपर एका माणसाचं डोकं मोजतं, पण निष्कर्ष गटाबद्दल निघतो. आणि गट कुठला, हे कॅलिपर सांगत नाही. ते मोजणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं, वहीच्या वरच्या ओळीत लिहिलेलं असतं. मग खाली सरासरी काढायची आणि म्हणायचं, बघा, गट वेगळे आहेत.

हे ज्यांना नीट कळत नाही त्यांना मी आमच्या स्टेशनवर यायला सांगते. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. एका बाकड्याच्या मधूनच सीमा जाते, लोक त्यावर बसून फोटो काढतात. १ मे १९६० रोजी ही रेघ आली, त्याच दिवशी जीवराज मेहता तिकडचे मुख्यमंत्री झाले. रेघेच्या पलीकडे उच्छल-सोनगडकडे जे ‘गामीत’ आहेत तेच अलीकडे ‘गावीत’. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गामीत, गामटा, गावीत, मावची, पाडवी हे सगळे एकाच नोंदीत आहेत, आणि भिल्ल ही वेगळी नोंद. बाहेरून येणारा अभ्यासक मात्र आम्हा सगळ्यांना बिनदिक्कत ‘भिल्ल’ म्हणतो. माझी आजी मावची बोलते. तिला ‘तू कोण’ म्हणून विचारलं तर ती आधी गावाचं नाव सांगते, मग कुळाचं, मग तुम्ही कोण ते विचारते. आता तिचं डोकं मोजलं तर ते कुठल्या रकान्यात घालणार? भिल्ल, मावची, गावीत, खानदेशी, गुजराथी सीमेवरची? जो रकाना निवडाल तो पुढे तुमचा निष्कर्ष होणार.

बरं, ही अडचण तेव्हा कुणाला माहीत नव्हती असंही नाही. फ्रांझ बोआस, स्वतः जर्मनीत वाढलेला मानववंशशास्त्रज्ञ, यानं अमेरिकेत स्थायिक झालेल्या युरोपीय कुटुंबांची हजारो मोजमापं घेऊन १९१२ साली दाखवलं होतं की आईबापांची डोकी एका मापाची आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची वेगळ्या मापाची असतात. जो निर्देशांक एका पिढीत, एका बोटीच्या प्रवासानं बदलतो त्यावर हजारो वर्षांचा वंश कसा ठरवणार? हे इरावतीबाई बर्लिनला जायच्या पंधरा वर्षं आधीचं. दुसरी वाट तिथे होती.

आणि आपल्याकडेही होती. बाबासाहेब आंबेडकर इरावतीबाईंच्या आधी जर्मनीला गेले होते. १९२१ साली त्यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं, पण तो मुक्काम फार टिकला नाही, लंडनचा प्रबंध त्यांना बोलावत होता. पुढे १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या पुस्तकात त्यांनी काय केलं बघा. घुर्यांनी दिलेले तेच नाकाचे निर्देशांक घेतले, ब्राह्मणांचे आणि अस्पृश्यांचे आकडे शेजारी ठेवले आणि म्हणाले, तुमच्याच मोजपट्टीनं दोघं एका वंशाचे निघतात, तेव्हा अस्पृश्यतेचं मूळ वंशात शोधू नका. हत्यार तेच, पण ज्यांना मोजलं त्यांच्या बाजूनं उलटं धरलेलं. ज्याला मोजमापाचा जाच माहीत आहे तो आकडा वेगळा वाचतो, असं मला वाटतं. इरावतीबाईंना जाच ठाऊक होता तो बाई म्हणून. मोजला जाणारा म्हणून नव्हता.

ज्या फॉरवर्डबद्दल मी बोलतेय तो बहुधा ‘इरू’ या इंग्रजी चरित्राच्या बातम्यांतून निघालेला आहे. ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांचं हे पुस्तक २०२४ साली आलं. ऊर्मिला म्हणजे इरावतीबाईंची नात, गौरी देशपांडे यांची मुलगी. बार्बोसा हे मानववंशशास्त्रज्ञ, त्यांचं संशोधनच जर्मन वंशविचार महाराष्ट्रात कसा आला यावर आहे. जोडी चमत्कारिक आणि फायद्याची. घरातलं माणूस आणि बाहेरचं माणूस. पुस्तक गोष्टीसारखं वाचता येतं, आणि मोठी गोष्ट म्हणजे बर्लिनच्या धाडसावर थांबत नाही. म्हणून माझी तक्रार पुस्तकापेक्षा त्याच्या वाचनाबद्दल आहे. बातम्यांनी त्यातलं एकच प्रकरण उचललं, कारण त्यात खलनायक तयार मिळतो. पुस्तक ज्यांना मिळेल त्यांनी वाचावं. सोबत नंदिनी सुंदर यांचा इरावतीबाईंच्या जीवनकार्यावरचा इंग्रजी निबंधही वाचावा, २००७च्या ‘अँथ्रॉपॉलॉजी इन द ईस्ट’ या संग्रहातला. तो जास्त कोरडा आहे आणि जास्त कठोर, आणि माझ्या मते जास्त प्रेमळही.

इरावतीबाईंचं मराठी लेखन घ्या. ‘परिपूर्ती’ किंवा ‘भोवरा’ उघडा. त्यात माणसं बोलतात. बाईंना उलट उत्तरं देतात, चुकीची माहिती देतात, चहा देतात, कंटाळा आणतात. स्वतःकडे हसून पाहणारी एक बाई त्या सगळ्यांमध्ये बसलेली दिसते. आणि मग त्याच बाईंचे मानवमितीचे तक्ते बघा. गटाचं नाव, संख्या, सरासरी, प्रमाण विचलन. तिथे कुणी काही बोलत नाही. एकाच लेखिकेनं, बहुधा एकाच प्रवासात, दोन प्रकारच्या वह्या भरल्या. मराठी वाचक पहिली वही वाचतात, इंग्रजी अभ्यासक दुसरी, आणि दोन्ही एकत्र ठेवून फारसं कुणी वाचत नाही. मला वाटतं इरावतीबाईंवरची खरी टीका या दोन वह्यांच्या मधोमध लिहायला हवी.

त्यांच्या कामात तिसरी वहीही आहे, आणि ती मला सगळ्यात जवळची. ‘पश्चिम खानदेशचे भिल्ल’ या विषयावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आहे. पश्चिम खानदेश म्हणजे तेव्हाचा धुळ्याचा जिल्हा, नवापूर त्यातच होतं. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ला. पुस्तकाच्या उपशीर्षकात कवटी नाही, वंश नाही, ‘सामाजिक आणि आर्थिक पाहणी’ आहे. पुढे कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी आली, जाई निंबकरांबरोबर, १९६९ साली. आणि १९७०ला हेमलता आचार्यांबरोबर आठवडे बाजारांवरचं पुस्तक. आठवडे बाजार! आदिवासी माणूस कुणाला भेटतो, काय विकतो, काय घेऊन जातो, बातमी कुठे कळते, सोयरीक कुठे ठरते, हे सगळं बाजारात घडतं हे ओळखायला डोळा लागतो. हा प्रश्न बर्लिनमध्ये शिकवलेला नव्हता. तो इथे फिरून सुचलेला आहे. पण लक्षात घ्या, आठ पोटजातींची जैविक तुलना १९६८ची आणि बाजाराचं पुस्तक १९७०चं. म्हणजे ‘आधी चूक, मग शहाणपण’ अशी सोयीची चढण इथे नाही. दोन्ही शेवटपर्यंत शेजारी शेजारी चाललं.

मी स्वतः मागच्या वर्षी दोन महिने बर्लिनला होते, संशोधन-भेटीवर. त्या संस्थेची इमारत अजून उभी आहे. टिलप्लाट्झ स्टेशनला उतरून चालत जाता येतं, पत्ता इनेश्ट्रासे २२. आता ती फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे, तिथे राज्यशास्त्र शिकवतात. भिंतीवर फलक आहे, १९८८ साली लावलेला, इथे काय चालत होतं ते सांगणारा. मुलं सायकली लावून आत जातात. मला तिथे काही थरारबिरार झाला नाही. पाऊस होता, बूट भिजले होते आणि मला भूक लागली होती.

थरार झाला तो नंतर, वाचताना. २०१४ साली त्या परिसरात बांधकामाच्या वेळी मानवी हाडं निघाली, मग पुढे पद्धतशीर खोदकाम झालं, एकूण सुमारे १६ हजार तुकडे. काही वसाहतींतून गोळा केलेल्या संग्रहातले असावेत, काही नाझी काळातल्या गुन्ह्यांशी संबंधित असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं अभ्यासकांचं म्हणणं. मग प्रश्न आला, ही हाडं कुणाची हे शोधायचं का? ज्यांच्या पूर्वजांची ती असू शकतात त्या ज्यू, सिंती-रोमा आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या संघटनांशी बोलून ठरलं की आता आणखी चाचण्या करायच्या नाहीत. कारण हाड बघून ‘हा कुठल्या वंशाचा’ ठरवणं म्हणजे पुन्हा तेच करणं. २३ मार्च २०२३ रोजी दालेमच्या स्मशानभूमीत सगळी हाडं एकत्र पुरली. मोजू शकत असताना न मोजण्याचा निर्णय. संशोधक म्हणून माझ्या हाताला हे पटायला वेळ लागला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जर्मनीचं, आपल्याला काय. आपल्याला असं की नवापूर अजूनही मोजलं जातंय. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याकडे निघाला तेव्हा कोंबड्यांचे नमुने भोपाळला गेले आणि गावाचं नाव जगभर झालं. ते सोडा, कोंबड्या होत्या. पण लहान मुलांचे दंड टेपनं मोजतात, बायांचं हिमोग्लोबिन मोजतात, आणि सिकलसेलसाठी सगळ्यांचं रक्त घेतात. १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मी या तपासण्यांच्या विरोधात नाही, हे ठळक लिहिते, नाहीतर उद्या कुणी माझ्या नावानं सुई टाळेल. सिकलसेल हा खरा आजार आहे, वेळेवर कळला तर जीव वाचतो. कवटीचं माप आणि हे रक्त यांत फरक आहे तो हा: इथे निकाल त्या एका माणसाच्या उपयोगाचा आहे. पण तो उपयोग व्हायला निकाल त्या माणसापर्यंत, त्याला कळेल अशा भाषेत पोचावा लागतो. माझ्या मुलाखतींत पुन्हा पुन्हा ऐकलेलं वाक्य आहे, ‘रक्त नेलं, पुढं काय झालं सांगितलं नाही’. आणि जिथे व्यक्तीपर्यंत निकाल पोचत नाही तिथे गटाबद्दलचा निकाल मात्र झटकन पोचतो: ‘यांच्यात असतो तो आजार’. लग्नं मोडतात त्यावर. पुन्हा वहीच्या वरच्या ओळीतला गट खालच्या माणसाला गिळतो.

म्हणून ज्या मुलामुलींना आपल्याकडून बाहेर जायचंय त्यांच्यासाठी ही गोष्ट नीट सांगितली जावी असं मला वाटतं. आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती देशभरातून वर्षाला २० जणांना मिळते. जर्मनीच्या ‘डाड’च्या छोट्या मुदतीच्या संशोधन शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, त्याही बघा. कुणी जेनेटिक्स शिकायला जाईल, कुणी पोषणशास्त्र. तुम्हाला कुणी खलनायक भेटणार नाही. सज्जन, हुशार, मदत करणारे प्राध्यापक भेटतील, उत्तम यंत्रं मिळतील, आणि ‘तुमच्या भागातले नमुने मिळतील का?’ असं फार सौजन्यानं विचारलं जाईल. मला विचारलं गेलं. मी विचारलं, निकाल गावात कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत? त्यावर बैठक संपेपर्यंत बोलणं झालं, आणि काही ठरलं नाही. अजून ईमेल चालू आहेत.

पुढच्या लेखात सिकलसेलच्या कार्डावर जे एएस आणि एसएस लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सांगते. घरात कुणाचं कार्ड असेल तर शोधून ठेवा. बहुतेक ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच असतं.